आधी गल्ली मोजा, मग हॉर्सपॉवर: बडोद्यात दोन आसनी स्पोर्ट्स कार निवडताना

एक टेप घ्या. शिंप्याची नको, सुताराची, पाच मीटरची. दोन आसनी गाडीचा विचार डोक्यात शिरला की माणूस आधी मोबाईलवर शून्य ते शंभरचे सेकंद बघतो. मीही तेच केलं होतं. बडोद्यात त्या सेकंदांचा उपयोग फार थोडा. इथे कामाला येतात ते तीन आकडे: गेटची रुंदी, पोटाखालची जागा आणि गाडीचं वजन. पहिल्यांदाच असली गाडी घेऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ज्यांना घ्यायची नाही, पण रविवारी सकाळी सेव उसळ खाताना तिच्यावरून वाद घालायचा आहे, त्यांनीही वाचायला हरकत नाही.

पहिली पायरी: घरापासून रस्त्यापर्यंत

आमचा वाडा दांडिया बाजारातला. त्याचा दरवाजा पालखी आत यावी म्हणून बांधलेला, गाडी यावी म्हणून नाही. मारुती स्विफ्ट त्यातून आरसे मिटून जाते. स्विफ्टची रुंदी १७३५ मिलिमीटर. आता गंमत बघा, माझ्दा एमएक्स-५, म्हणजे जगभर जिला मियाता म्हणतात ती, तिचीही रुंदी १७३५च आहे. लांबी ३९१५, स्विफ्टपेक्षा जेमतेम दोन इंच जास्त. उंची मात्र जवळजवळ फूटभर कमी. बीएमडब्ल्यू झी-४ ची रुंदी १८६४ आणि एमजी सायबरस्टरची १९१३, तीही आरसे सोडून. ‘लहान दोन आसनी’ या एका नावाखाली एवढा फरक दडलेला असतो. आसनं दोनच आहेत म्हणून गाडी लहान असेलच असं नाही.

रुंदी मोजून झाली की स्पीड ब्रेकर. स्विफ्टच्या पोटाखाली १६३ मिलिमीटर जागा असते, बहुतेक दोन आसनी गाड्यांच्या पोटाखाली ११० ते १३५. पण नुसत्या या आकड्यावर जाऊ नका, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरही धरा. मियाताचं २३१० मिलिमीटर, झी-४ चं २४७०, सायबरस्टरचं २६९०. अंतर जितकं जास्त तितकं उंचवट्यावर पोट टेकण्याची शक्यता जास्त.

हे घरबसल्या तपासायची एक युक्ती आहे. दोन काठ्या घ्या, दोन्हींना जमिनीपासून १२ सेंटिमीटरवर सुतळी बांधा, मधलं अंतर त्या गाडीच्या चाकांमधल्या अंतराएवढं ठेवा. एक टोक तुम्ही धरा, दुसरं घरातल्या कुणाला तरी धरायला लावा आणि दोघं मिळून, काठ्या जमिनीला टेकवत, गाडी जाईल तसे सोसायटीच्या ब्रेकरवरून आणि पार्किंगच्या उतारावरून सावकाश जा. सुतळी टेकली तिथे गाडी टेकणार. शेजारी हसतील. माझे हसलेच. पण त्या सुतळीने मला एका गाडीपासून वाचवलं, आणि हसणाऱ्यांपैकी एकाने पुढे तीच सुतळी मागून नेली.

तळघरात पार्किंग असेल तर ऑगस्ट २०२४ आठवा. विश्वामित्रीचं पाणी चढलं तेव्हा बुडालेल्या गाड्या सगळ्यांनी पाहिल्या. दोन आसनी गाडी अशा वेळी सगळ्यात आधी पाण्यात जाते.

दुसरी पायरी: मिळतात कोणत्या

इथे स्वप्नं आणि शोरूम वेगळी करायची.

मियाता १९८९ पासून बनते आहे, २०१६ मध्ये तिचा आकडा दहा लाखांवर गेला, आणि ‘हलकी, साधी, मागच्या चाकांवर चालणारी’ या जातीची ती आजही मापदंड मानली जाते. पण माझ्दाने भारतात मोटारींचं दुकान कधी मांडलंच नाही. होंडा एस-२००० (१९९९ ते २००९), टोयोटा एमआर-२, पहिली लोटस एलिस, याही इथे कंपनीकडून विकल्या गेल्या नाहीत. मग परदेशातून जुनी आणू? तीन वर्षांपेक्षा जुनी साधी मोटार आयात करता येत नाही, आणि उजवीकडे स्टिअरिंग असलेलीच चालते. त्यामुळे कुणी तुम्हाला नव्वदच्या दशकातली मियाता स्वस्तात दाखवत असेल तर आधी कागद मागा. ‘कार्नेट’वर आलेली गाडी ही पाहुणी असते. ठरावीक मुदतीसाठी शुल्क न भरता आलेली, परत जायच्या अटीवर. ती विकत घेणं म्हणजे दुसऱ्याच्या न भरलेल्या कराचे मालक होणं.

नव्यामध्ये मग २०२५ पर्यंत काय उरलं होतं? झी-४ एम४०आय, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३४० हॉर्सपॉवर, २०२३ च्या आवृत्तीची सुरुवातीची शोरूम किंमत ८९ लाखांच्या पुढे. पोर्शे ७१८ बॉक्स्टर आणि केमन इथे विकल्या जात होत्या, पण त्यांच्या पेट्रोल गाड्यांचं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं. आणि विजेवरची सायबरस्टर, जुलै २०२५ मध्ये ७५ लाखांना आली.

सायबरस्टरबद्दल बडोदेकराच्या मनात थोडा घरचा भाव असतो. एमजीचा कारखाना आपल्या हालोलला, पावागडच्या पायथ्याशी. २०१७ पर्यंत तिथे जनरल मोटर्स होती, आपल्यापैकी कितीजणांचे काका-मामा तिथल्या बसने कामाला जायचे. पण ही गाडी हालोलला बनत नाही, चीनहून तयार येते. तेव्हा ‘आपल्या इथलीच आहे, स्पेअर पार्ट लगेच मिळेल’ असं कुणी म्हटलं तर ते पार्टचं नाव घेऊन, किती दिवसांत येईल ते लिहून मागा.

सेकंड हँडमध्ये निवड मोठी आहे: ऑडी टीटी, मर्सिडीज एसएलके आणि तिचीच पुढची एसएलसी, जुन्या झी-४, बॉक्स्टर, क्वचित निसान ३७०झी. या सगळ्या कंपन्यांनीच इथे विकलेल्या, म्हणून कागद सरळ असतात. आपली देशी सॅन स्टॉर्मही कधीतरी दिसते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेली, फायबरग्लासच्या अंगाची, रेनोचं सुमारे ११५० सीसीचं ६० हॉर्सपॉवरचं इंजिन. वेग शोधू नका तिच्यात. पण आपल्याकडे कुणीतरी छोटी, उघड्या टपाची गाडी बनवून विकायची हिंमत केली होती, याचा मला अजून अभिमान वाटतो. नंतर पुण्याची डीसी अवंती आली, २०१२ च्या ऑटो एक्स्पोत दाखवलेली. टाटांची रेसमो २०१७ मध्ये जिनिव्हाला दिसली, पण विक्रीला कधी आलीच नाही.

तिसरी पायरी: वजन

या पायरीवर थांबा. बाकीचे सगळे लेख हॉर्सपॉवरपाशी थांबतात.

हिशेब सोपा आहे. हॉर्सपॉवरला टनातल्या वजनाने भागा. स्विफ्ट: ८२ हॉर्सपॉवर, वजन ९०० किलोच्या आसपास, म्हणजे टनाला सुमारे ९०. आपल्या सगळ्यांना ही गाडी ठाऊक आहे, म्हणून तिला पाया धरू. दोन लिटरची आजची मियाता: १८४ हॉर्सपॉवर, एक टनाला थोडं वर, म्हणजे सुमारे १७५. पहिली लोटस एलिस १९९६ ची, तिच्यात फक्त १२० हॉर्सपॉवर होते. आकडा ऐकून कुणी वळूनही बघणार नाही. पण ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून बनवलेल्या सांगाड्यामुळे तिचं वजन सुमारे ७२५ किलो, टनाला १६५. मियाताच्या जवळपास. झी-४ दीड टनाच्या वर, टनाला सव्वादोनशेला थोडे कमी. तीनशे हॉर्सपॉवरची बॉक्स्टर १३३५ किलो, तेही सव्वादोनशेच्या घरात. सायबरस्टर ५१० हॉर्सपॉवर आणि जवळजवळ दोन टन, म्हणजे अडीचशेच्या वर.

कागदावर सायबरस्टर जिंकली. शंभरचा वेग ३.२ सेकंदांत, झी-४ ला ४.५ लागतात, मियाताला साडेसहा. पण भागाकाराने एकच गोष्ट कळते, सरळ रस्त्यावरचा जोर. वळणावर हॉर्सपॉवर मदतीला येत नाही, तिथे टायरला सगळं वजन बाजूला ओढून धरायचं असतं. ब्रेकचंही तेच. त्याच वेगात दुप्पट वजन म्हणजे थांबताना दुप्पट ऊर्जा उष्णतेत घालवायची. जड गाडीला मोठे ब्रेक, मोठे ब्रेक बसवायला मोठी चाकं, मोठ्या चाकांना रुंद टायर, आणि प्रत्येकाची किंमत तुम्ही भरता. हलकी गाडी या साखळीतून पहिल्याच कडीला सुटते.

शिवाय आपल्या देशात एक्स्प्रेसवेवरही मोटारीला १२० च्या वर परवानगी नाही. बडोदा-भरूचचा नवा रस्ता फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला, दिल्ली-मुंबई एक्स्प्रेसवेचा तो तुकडा. छान आहे, गुळगुळीत आहे, आणि रूळ टाकल्यासारखा सरळ. त्यावर सायबरस्टर चार-पाच सेकंद मजा देईल. त्यानंतर तुम्ही १२० वर बसलेले एक गृहस्थ, शेजारून क्रिस्टा चाललेली.

माझा भाचा न्यू जर्सीला असतो. त्याची दुसऱ्या पिढीची मियाता मी तिथे आठवडाभर चालवली. बडोद्याच्या निम्म्या घरांत असा एक भाचा असतोच. पहिल्या दिवशी मी जरा खट्टू झालो, पिकअप काही छाती दडपणारा नव्हता. तिसऱ्या दिवशी कळलं की मी गाडी पूर्ण वापरतोय: दुसरा गिअर शेवटपर्यंत ओढायचा, मनगटभर हालचालीत तिसरा पडतो, वळणाआधी ब्रेक, आणि हे सगळं तिथल्या वेगमर्यादेच्या आत. जपानी लोक यासाठी ‘जिन्बा इत्ताई’ म्हणतात, घोडा आणि स्वार एकजीव. ज्या गाडीची निम्मी ताकदही रस्त्यावर कायदेशीर वापरता येत नाही, तिच्यात हा एकजीवपणा येत नाही. हे माझं मत. पावागडला माचीपर्यंत चढणारा रस्ता किंवा सापुताऱ्याचा घाट पहाटे मोकळा मिळाला, की तुम्हीच ठरवा.

चौथी पायरी: इंजिन कुठे आहे

मियाता आणि झी-४ मध्ये इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. चूक झाली तर गाडी आधी इशारा देते, म्हणून नवख्याला ही मांडणी बरी. बॉक्स्टर, एमआर-२, एलिस यांच्यात इंजिन आसनांच्या मागे, मागच्या आसाच्या पुढे. गाडी झटकन वळते, पण वळणात घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला तर मागचा भागही तितक्याच झटकन फिरतो, पावसात विशेष. ऑडी टीटी पुढच्या किंवा चारही चाकांवर चालते. स्वभावाने सरळ, आणि खरं सांगायचं तर थोडी कंटाळवाणी.

पाचवी पायरी: रूप

रूपावर मत देणारा मी कोण? पण ज्या गावात १९५० पासून फाइन आर्ट्सची फॅकल्टी आहे त्या गावात निदान बघायची पद्धत तरी शिकता येते. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे एक गृहस्थ प्रत्येक गाडीपुढे उकिडवे बसून बघत होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “उभं राहून बघितलं की टप दिसतो. बसून बघा, म्हणजे गाडी दिसते.” तेव्हापासून मी तसंच करतो.

दिव्यांच्या उंचीला डोळे आणा. पुढच्या चाकापासून दरवाजापर्यंतचं अंतर बघा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या चांगल्या गाडीत ते मोठं असतं आणि त्यातून ऐट येते. मग चाकांच्या पुढे-मागे लोंबणारा भाग बघा. मियातात तो कमी, म्हणून ती उभी असतानाही उडी मारायच्या बेतात वाटते. टीटी म्हणजे तीन कमानी, कंपासने काढल्यासारख्या, १९९८ ची पहिली अजून जुनी दिसत नाही. सायबरस्टरचे दरवाजे कात्रीसारखे वर उघडतात. चौकात गर्दी जमवायला उत्तम, अरुंद पार्किंगमध्ये सोयीचेही, पण तळघराचं छत बुटकं असेल तर टेप पुन्हा काढा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टप लावून बघा. जाहिरातीत टप नेहमी उघडा असतो. बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, मग पाऊस, मग धूळ. वर्षातले बरेच महिने तुम्ही आणि शेजारी ही गाडी टप लावलेलीच बघणार आहात. कापडी टपात काही गाड्या छत्री अर्धवट मिटल्यासारख्या दिसतात. लोखंडी घडीच्या टपाच्या गाड्या, १९९६ च्या एसएलकेपासून, बंद असताना नेटक्या दिसतात, पण टप उघडला की डिकी गिळून टाकतात.

सहावी पायरी: बसून आणि चालवून

दुपारी दोन वाजता जा, संध्याकाळी नको. एसी दोन माणसांची छोटी खोली किती वेळात गार करतो ते कळेल. डोकं टपाला लागतं का, गुडघा स्टिअरिंगखाली अडकतो का, टप लावल्यावर मागचं किती दिसतं, बघा. बरोबर घरच्या मंडळींना न्या. आमच्या हिने साडीत बसून दाखवलं: आधी पाठ आत, मग दोन्ही पाय एकदम. उतरताना मात्र हात द्यावा लागला, आणि त्या शोरूममधला पोरगा दुसरीकडे बघत राहिला. त्या गाडीचं प्रकरण तिथेच मिटलं.

डिकीत नेहमीची बॅग ठेवून बघा. मियाताची डिकी १३० लिटर, झी-४ ची २८१. बॉक्स्टरला पुढे आणि मागे अशा दोन. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, पंक्चरची बाटली आणि छोटा पंप असतो. बाटली कटलेल्या टायरला काही करत नाही.

सातवी पायरी: सेकंड हँड असेल तर

माझी स्वतःची फजिती सांगतो. सहा वर्षांपूर्वी एक जर्मन दोन आसनी बघितली, लोखंडी घडीचा टप. विकणाऱ्याने इंजिन चालू केलं, टप उघडला, बंद केला, मी खूश. इंजिनचा आवाज ऐकत बसलो आणि पायाखालचा गालिचा उचललाच नाही. पहिल्या पावसात गाडीत पाणी. आमचा मेकॅनिक गालिचा पिळत म्हणाला, “साहेब, आ तो माछलीघर छे.” टपाभोवती पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. पानं आणि धूळ अडकून त्या तुंबल्या होत्या. साफ करायला अर्धा तास. आतपर्यंत पोचलेल्या पाण्याने खराब केलेली वायरिंग काढायला दीड महिना, आणि तो खर्च मी अजून घरी नीट सांगितलेला नाही.

म्हणून गालिचा उचला आणि हाताने चाचपा. स्टेपनीच्या खड्ड्यात आणि डिकीच्या तळाशी वास घ्या. टप तीनदा उघडा-मिटा, मध्ये अडखळतो का, हायड्रॉलिक तेल कुठे ठिबकतं का ते बघा. जुन्या कापडी टपाची मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर उन्हाने पिवळी पडून चिरलेली असण्याचीच शक्यता जास्त. टायरवर चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर आणि टायर आठ वर्षांचं, असं या गाड्यांत नेहमी आढळतं, कारण त्या धावतात कमी आणि उभ्या जास्त असतात. असं टायर चांगलं दिसलं तरी बदला. जॅकवर घेऊन पोट बघा, ब्रेकरने ओरखडलेलं असेलच, पण सांगाडा वाकलेला नको.

इंधनाचंही विचारा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. मेकॅनिकला त्या दाखवा.

कागद: ‘वाहन’ पोर्टलवर नंबर टाकून मालक किती झाले, बोजा आहे का, विमा चालू आहे का ते बघा. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. गाडी मुंबई-पुण्याची असेल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र, फॉर्म २८, मग इथे कर भरून जीजे-०६ चा नंबर. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. कर किती बसेल हे सौदा ठरण्याआधी आरटीओतून काढा, महागड्या गाडीवर तो आकडा चकित करतो.

आठवी पायरी: पैसे

मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा. हप्त्यावर स्पोर्ट्स कार घेणारा बारगीर असतो. रोजच्या गाडीचं ठीक आहे, ती काम करते. रविवारी दोन तास फिरायच्या गाडीचा हप्ता सोमवार ते शनिवार टोचतो. मी तरी शिलेदार व्हायचं ठरवलं, म्हणून नवीनऐवजी जुनी घेतली आणि वर सांगितलेलं मत्स्यालय मिळालं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, विजेवरच्यांवर ५. आयात शुल्क दोन्हींना लागतं. सायबरस्टर एवढी ताकद एवढ्या किमतीत देते त्यात या फरकाचा मोठा हात आहे. रोजच्या खर्चातही वीज स्वस्त. पण वापरलेली विजेची गाडी पाच वर्षांनी कितीला जाईल हे धरून हिशेब करायचा असेल तर हात आखडता ठेवा. पेट्रोलवाल्यांचं गणित उलटं: किंमत पहिल्या काही वर्षांतच कोसळते, तेव्हा तो घसारा दुसऱ्याला सोसू द्यावा आणि आपण मागून यावं. पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या रुंदीचे असतील, जसे झी-४ एम४०आयमध्ये आहेत, तर ते अदलाबदल करून वापरता येत नाहीत. टायरच्या खर्चात हे धरा.

विमा घेताना इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्याच. पाण्यात इंजिन बंद पडलं आणि तुम्ही पुन्हा चावी फिरवली तर सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साधा विमा हा भार उचलत नाही. बंद पडली की चावी काढायची आणि फ्लॅटबेडवाल्याला, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणाऱ्या ट्रकवाल्याला, फोन. पुढून उचलून मागची चाकं फरपटत नेणारी क्रेन या गाड्यांना चालत नाही. ओढायचा हूक बंपरमध्ये कायमचा नसतो, सुटा असतो, डिकीतल्या हत्यारांच्या पिशवीत, आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून आट्यावर बसवावा लागतो. सेकंड हँड गाडीत ती पिशवी उघडून हूक आहे का बघा. माझ्या गाडीत नव्हता.